अप्रियानी राहायु, ग्रेसिया पोली आणि आमच्याकडची मोडू घातलेली जोडी

आर्याची_आई

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी उचलून योग्य जागी ठेवावा.

गेले तीन रविवार आमच्या घरात एकच मॅच चालू आहे. टोकियो ऑलिंपिक, महिला दुहेरीची फायनल, २ ऑगस्ट २०२१. इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायु, समोर चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यिफान. २१-१९, २१-१५. लेकीला (वय १४, पाच वर्षं बॅडमिंटन) आता रॅलीसुद्धा तोंडपाठ झाल्यात, नवरा म्हणतो पाढे असे पाठ असते तर.

ती मॅच बघता बघता माझ्याच डोक्यात किडा शिरला. अप्रियानी तेव्हा २३ वर्षांची, ग्रेसिया ३३ची. म्हणजे एक जण कारकिर्दीच्या शेवटाला आलेली आणि दुसरी आत्ता कुठे सुरुवात केलेली. दहा महिन्यांत ग्रेसिया रिटायर झाली आणि ही पोरगी ऑलिंपिकचं सुवर्ण गळ्यात घालून पार्टनर शोधत उभी. मग तिचं करिअर नक्की कोणाचं? तिचं स्वतःचं की ग्रेसियाने घडवलेलं? ग्रेसिया नसती तर आपल्याला ही नावाने तरी माहीत असती का?

आता खरं कारण सांगते. आमच्या कोचना आर्याची जोडी मोडायची आहे. आत्ताची पार्टनर तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, डबा एक, रिक्षा एक. कोच म्हणतात हिला १७ वर्षांच्या सीनियर मुलीबरोबर घालतो, वर्षभरात बघा. आर्या दोन दिवस जेवली नाही. मैत्रिणीची आई माझ्याशी सरळ बोलत नाहीये, आणि मी तर काहीच केलेलं नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अप्रियानीवरही आणि आमच्यावरही.

नेटपाशी

वा, शेवटी क्रिकेट सोडून एक धागा!

अप्रियानी माझी आवडती खेळाडू, त्यामुळे थोडं लांबण लागेल. तिचा जन्म २९ एप्रिल १९९८, आग्नेय सुलावेसी प्रांतातल्या कोनावे जिल्ह्यातला. नकाशावर बघा, जकार्तापासून समुद्र ओलांडून पार पूर्वेला. इंडोनेशियाचं बॅडमिंटन म्हणजे मुख्यतः जावा बेट. मोठे क्लब तिथे, स्पर्धा तिथे, राष्ट्रीय शिबिरसुद्धा जकार्तातल्या चिपायुंगला. तिथे सुलावेसीच्या खेड्यातून येणं म्हणजे गडचिरोलीतून उठून मुंबईच्या मैदानावर नाव काढण्यासारखं. लहानपणी रॅकेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून वडिलांनी लाकडाची करून दिली होती. कोवळ्या वयात घर सोडून जकार्ताला आली, आधी पेलिता बाक्री क्लब, तो इचुक सुगियार्तोंचा, म्हणजे १९८३च्या विश्वविजेत्याचा. नंतर जया राया क्लब.

आता तुमच्या "ग्रेसिया नसती तर"कडे येतो. २०१४च्या ज्युनियर वर्ल्ड चँपियनशिपमध्ये, मलेशियात आलोर सेतारला, अप्रियानीला मुलींच्या दुहेरीत रौप्य मिळालं होतं. पार्टनर रोसिता एका पुत्री सारी. तेव्हा ग्रेसिया कुठेच नव्हती चित्रात. आणि त्या फायनलला हरवणाऱ्या जोडीत कोण होती माहितेय? चेन चिंगचेन. तीच टोकियोवाली. सात वर्षांनी हिशेब चुकता केला पोरीने.

तिरकस

हिशेब चुकता वगैरे ठीक आहे, पण मी जरा पाणी ओततो.

ज्युनियरला रौप्य मिळवणारे ढिगाने असतात, त्यातले किती पुढे दिसतात? २०१७ च्या मे महिन्यात ग्रेसियाबरोबर जोडी जमली, आणि जूनमध्ये लगेच थायलंड ओपन. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच ओपन. १९ वर्षांची पोरगी पाच महिन्यांत सुपर सीरिज जिंकते म्हणजे पुढची, नेटजवळची जागा कोणीतरी भक्कम धरून बसलंय. बाईसाहेब ग्रेसिया एशियन गेम्सची सुवर्णविजेती होती २०१४ची, आधीची जोडीदार नित्याबरोबर. अप्रियानीला तयार गाडी मिळाली, हिने फक्त ॲक्सिलरेटर दाबला.

आणि टोकियोत नशीबही होतं. गटात जपानच्या फुकुशिमा-हिरोताला हरवलं, त्या नंबर एक होत्या, पण हिरोता गुडघ्याला ब्रेस बांधून खेळत होती. विसरू नका.

पक्का_पुणेकर

बॅडमिंटन मूळ पुण्याचं आहे हे आधी मान्य करा, मग पुढची चर्चा.

बाळूकाका

आले! अजून पोस्ट क्रमांक चार आणि पुणे आलं. मला वाटलं दहापर्यंत तरी दम निघेल.

पक्का_पुणेकर

काका, १८७०च्या दशकात इंग्रज अधिकारी इथे खेळायचे, नियम इथे बांधले, खेळाला 'पूना' म्हणायचे. इतिहास आहे. आम्ही फक्त आठवण करून देतो. दुपारी १ ते ४ देत नाही.

नेटपाशी

@तिरकस, हिरोताच्या ब्रेसचं खरं आहे. ती मॅच २४-२२, १३-२१, २१-८ अशी गेली आणि तिसऱ्या गेमचा आकडा बघून कोणालाही वाटेल की समोरचे संपले होते. पण त्यानंतर क्वार्टर फायनलला चीनच्या दु युए आणि ली यिनहुई, तिन्ही गेम, २१-१५, २०-२२, २१-१७. सेमीला कोरियाच्या ली सो-ही, शिन सुंग-चान. मग फायनल. त्यातल्या कोणाच्या गुडघ्याला काय बांधलं होतं? आणि या दोघींना सीडिंगसुद्धा (मानांकन) नव्हतं.

तयार गाडीचं म्हणाल तर गाडीची अवस्था काय होती तेही सांगा की. नित्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, ग्रेसिया तिशीच्या उंबरठ्यावर, निवृत्तीचा विचार करत असलेली. कोच एंग हियान (हे स्वतः २००४च्या अथेन्सला पुरुष दुहेरीत कांस्य घेतलेले) यांनी तिच्या शेजारी १९ वर्षांची पोरगी उभी केली. कोण कोणाला ओढत होतं ते इतकं सोपं नाही.

रानजाई

मला बॅडमिंटनमधलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, दुहेरीत दोघींचं काम वेगळं असतं का? मी बघते तेव्हा सगळ्या नुसत्या पळताना दिसतात.

नेटपाशी

बाळबोध नाही, हाच मुख्य प्रश्न आहे.

ढोबळमानाने हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचाव करताना दोघी बाजूबाजूला. मागची स्मॅश मारते, पुढची नेटजवळ उभी राहून समोरून आलेला कमजोर शॉट खाली दाबते. अप्रियानी मागची. ताकद तिच्याकडे, पाय तिच्याकडे. ग्रेसिया पुढची, तिची नजर आणि मनगट. पण महिला दुहेरीत स्मॅशने पॉइंट पटकन मिळत नाही, रॅली पन्नास-साठ शॉटच्या होतात. म्हणजे मागचीने मारतच राहायचं, सारखी जागा बदलत, न कंटाळता. ते काम कोणीही करून दाखवावं.

त्या फायनलमधला एक प्रसंग बघाच. दुसऱ्या गेममध्ये ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटते, चालू रॅलीत. ती पळत बाजूला जाते, बॅगेतून दुसरी रॅकेट ओढते आणि परत कोर्टात. तेवढा वेळ अख्खं कोर्ट अप्रियानीच्या अंगावर. समोर जगातली सर्वांत आक्रमक जोडी. आणि हिने शटल जमिनीला लागू दिलं नाही. सगळे ग्रेसियाच्या पळण्यावर हसतात आणि टाळ्या वाजवतात, मी त्या व्हिडिओत कायम दुसरीकडे बघतो.

आर्याची_आई

हो हो हो, तोच प्रसंग! आर्या तो दहादा मागे घेऊन बघते. आणि त्यानंतर तिने काय केलं सांगते. परवा प्रॅक्टिसला मैत्रिणीला म्हणाली, मी मुद्दाम बाहेर जाते, तू एकटीने सांभाळ, बघू किती वेळ. कोच चिडले.

जकार्ताकर

धागा उशिरा दिसला. नोकरीनिमित्त सहा वर्षं जकार्तात होतो, आता परत आलोय ठाण्याला. त्यामुळे इथल्या कोणापेक्षाही जास्त आरडाओरडा मी ऐकलाय असं नम्रपणे नमूद करतो.

१२ जून २०२२, इंडोनेशिया मास्टर्सचा फायनलचा दिवस, इस्तोरा सेनायन स्टेडियम. तो दिवस ग्रेसियाच्या निरोपाचा. ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो. इस्तोरा कसं आहे ते सांगतो, खूप मोठं नाही, जुनं आहे, १९६१ चं. पण तिथे प्रत्येक स्मॅशला अख्खं स्टेडियम "ईया!" म्हणून ओरडतं. मारला ईया, मारला ईया, रॅली लांबली की ते असं तालात चढत जातं की तुमच्या छातीत वाजतं. आपल्याकडे दहीहंडीला शेवटचा थर चढताना जो आवाज येतो तसा, पण दर अर्ध्या मिनिटाला.

निरोप झाला. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, डोक्यावर स्कार्फ, हातात फुगवलेल्या त्या दोन नळ्या असतात ना, आपटायच्या, त्या मांडीवर आडव्या ठेवून रडत होत्या. आणि गंमत अशी की त्याच दिवशी त्याच कोर्टवर अप्रियानीची फायनल होती. नवी पार्टनर, सिती फादिया सिल्वा रामाधांती, बोगोरची, २००० सालचा जन्म. समोर पुन्हा तेच, चेन आणि जिया. हरल्या. पण आजींनी डोळे पुसून नळ्या हातात घेतल्या आणि पहिल्या सर्व्हिसपासून ओरडायला लागल्या.

मला तिथे एक गोष्ट दिसली ती सांगायची होती. ग्रेसियाबरोबर खेळताना अप्रियानी धाकटी. इंडोनेशियात मोठ्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, 'काक' म्हणतात, ताई किंवा दादा दोन्ही त्यात आलं. पॉइंट गेला की अप्रियानी ताईकडे बघायची. फादियाबरोबर त्या दिवशी पॉइंट गेला की फादिया हिच्याकडे बघत होती. चोवीस वर्षांची पोरगी, एका वर्षात धाकटीची ताई झाली.

रानजाई

अंगावर काटा आला जकार्ताकर.

तिरकस

मान्य, सुंदर लिहिलंय. पण ताई होऊन जिंकलं काय ते सांगा.

नेटपाशी

सांगतो. मे २०२२ला व्हिएतनाममध्ये सी गेम्सचं (आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेचं) सुवर्ण. ती या दोघींची जवळजवळ पहिलीच स्पर्धा. जुलैमध्ये मलेशिया ओपन, त्याच महिन्यात सिंगापूर ओपन, दोन्ही विजेतेपदं. २०२३च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला वर्ल्ड चँपियनशिपचं रौप्य, हरल्या कोणाकडून? ओळखा. सप्टेंबरमध्ये हाँगकाँग ओपन जिंकली.

ग्रेसियाबरोबर वर्ल्ड चँपियनशिपला दोनदा कांस्य होतं, २०१८ नानजिंग आणि २०१९ बासेल. म्हणजे वर्ल्ड चँपियनशिपपुरतं बोलायचं तर तिची सर्वोत्तम कामगिरी ग्रेसियाशिवायची आहे. बोला आता.

तिरकस

बोलतो. पॅरिस २०२४. गटातल्या तिन्ही मॅच हरल्या. तिन्ही. गतविजेती म्हणून आली आणि एक मॅच जिंकली नाही.

नेटपाशी

गट बघितलात का? चेन-जिया, जपानच्या मात्सुयामा-शिदा, मलेशियाच्या पर्ली तान-थिना. त्या गटातून चेन-जियांना सुवर्ण आणि मात्सुयामा-शिदांना कांस्य गेलं. आणि अप्रियानीची पोटरी २०२३ च्या अखेरीपासून त्रास देत होती. मागून उड्या मारून स्मॅश मारणाऱ्या बाईची पोटरी गेली की उरतं काय.

तिरकस

मघाशी हिरोताचा गुडघा काढला तर तुम्ही म्हणालात बाकीच्यांचं काय. आता स्वतःच पोटरी काढताय. गुडघा चालत नाही आणि पोटरी चालते, हा कुठला न्याय?

नेटपाशी

😀 पकडलंत. हा पॉइंट तुमचा. २१-१९.

बाळूकाका

अरे पण त्या पाच गाईंचं कोणीच सांगितलं नाही! टोकियोनंतर पेपरात वाचलेलं मला पक्कं आठवतंय, या मुलीला सरकारने पैसे दिलेच पण गावाकडून पाच गाई, घर आणि कुठलंसं मटण-गोळ्यांचं हॉटेल देऊ केलं होतं.

जकार्ताकर

काका, बरोबर आहे. सरकारचं बक्षीस प्रत्येकी साडेपाच अब्ज रुपिया. अब्ज ऐकून दचकू नका, आपले साधारण पावणेतीन-तीन कोटी. कोनावेच्या जिल्हाप्रमुखांनी पाच गुरं आणि घर जाहीर केलं होतं. आणि ते मटण-गोळे म्हणजे बाक्सो, त्याच्या दुकानाची शाखा एका यूट्यूबरने देऊ केली. बाक्सो तिथे गल्लोगल्ली गाडीवर मिळतो, गरम रश्श्यात गोळे आणि शेवया. गाडीवाला वाटीवर चमचा वाजवत येतो, टिंग टिंग टिंग, आपल्याकडे कुल्फीवाला घंटा वाजवत यायचा तसं. आता लिहिता लिहिता भूक लागली.

इंडोनेशियाला त्या ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण मिळालं, हेच. त्यामुळे कोणी काय देऊ आणि काय नको असं झालं होतं.

पाटलांचा_नातू

गाईंवर हसू नका राव. आमच्याकडे कुस्ती जिंकली की म्हैस आणि गदा देतात, त्याचं कोणाला हसू येत नाही. पाच जनावरं दावणीला बांधणं म्हणजे काय ते बँकेत एफडी ठेवणाऱ्याला नाही कळणार.

खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. कांस्य घेऊन आले तेव्हा कराड स्टेशनवरून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक गेली. बैलगाड्या, मर्सिडीज नाही. गावाकडे जे असतं ते गाव देतं.

मीनल_दिल्ली

खाशाबांचं नाव निघालं म्हणून लिहितेय, एरवी मी फक्त वाचते.

२०१९ ची इंडिया ओपन दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियमच्या खाशाबा जाधव हॉलमध्ये झाली होती, तिथे महिला दुहेरी ग्रेसिया-अप्रियानीनेच जिंकली. मी होते तिथे! मला तेव्हा दोघींची नावंही माहीत नव्हती, आम्ही सिंधूला बघायला गेलो होतो. पण लक्षात राहिली ती अप्रियानीच, कारण ती पॉइंट मिळाला की अशी किंचाळते की माझ्या मुलाने कानावर हात ठेवले. आदल्या वर्षीची इंडिया ओपनसुद्धा त्यांचीच. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं आपल्या अंगणात येऊन नेली.

आर्याची_आई

किती माहिती! खाशाबांच्या नावाच्या हॉलमध्ये, हे फारच भारी वाटलं वाचून.

पण मंडळी, माझ्या घरातली भानगड बाजूला राहिली बरं का. काल मैत्रिणीच्या आईने सोसायटीच्या गेटवर मला बघून फोन कानाला लावला. फोनची स्क्रीन बंद होती.

माडांच्या_देशा

गोव्याहून. ताई, तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण सुलावेसीत नाही, आमच्याकडे आहे. तनिशा क्रास्तो. जन्म दुबईचा २००३चा, पण मूळची गोंयकार आणि खेळते गोव्याकडून. तिची पार्टनर अश्विनी पोनप्पा १९८९ची. म्हणजे ग्रेसिया-अप्रियानीपेक्षाही जास्त अंतर, जवळजवळ चौदा वर्षं. २०२३ला एकत्र आल्या, त्याच वर्षी अबू धाबी आणि गुवाहाटी मास्टर्स जिंकल्या, पॅरिसला पात्र ठरल्या. तिथे गटातल्या तिन्ही मॅच हरल्या, अप्रियानीसारख्याच. शेवटच्या मॅचनंतर अश्विनी रडत म्हणाली की ही माझी शेवटची ऑलिंपिक. तनिशा शेजारी उभी, तीही रडत होती.

आमच्या घरात त्या दिवशी कोणी टीव्ही बंद केला नाही, आणि कोणी काही बोललं पण नाही.

सांगायचं काय, मोठ्या पार्टनरबरोबर खेळलं की सुवर्णच मिळतं असं नाही. पण तनिशाला विचारा त्या दीड वर्षात काय शिकली.

डॉ_विसरभोळे

अश्विनीवरून आठवलं. २०१२ लंडनचं ते मुद्दाम हरण्याचं प्रकरण कोणाला आठवतंय का? पुढच्या फेरीत सोपी जोडी मिळावी म्हणून दोन्ही बाजू सर्व्हिस नेटमध्ये मारत होत्या, प्रेक्षक हुर्यो करत होते. चार जोड्या बाद झाल्या, एक चीनची, दोन कोरियाच्या आणि एक इंडोनेशियाची. त्या इंडोनेशियाच्या जोडीत ग्रेसिया होती, मेलियाना जौहारीबरोबर. आणि त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला आणि अश्विनी पॉइंटच्या फरकाने बाहेर गेल्या, भारताने दुसऱ्या एका मॅचबद्दल तक्रार केली होती ती फेटाळली गेली.

म्हणजे ग्रेसिया २०१२ला अपात्र ठरून बाहेर, २०१६ला रिओत क्वार्टर फायनलला बाहेर, आणि २०२१ला सुवर्ण. मला विचाराल तर या गोष्टीची नायिका ग्रेसिया आहे, अप्रियानी नाही. धाग्याचं नाव बदला.

जकार्ताकर

डॉक्टर, ग्रेसियाची गोष्ट सगळे सांगतात आणि सांगावी अशीच आहे. पण दुसऱ्या बाजूने बघा ना. १९ वर्षांच्या मुलीला सांगितलं जातं की ही तुझी पार्टनर, दोन ऑलिंपिक हिचे हातचे गेलेत, तिसरं शेवटचं आहे, आणि ते तुझ्यावर अवलंबून. हे ओझं किती असेल? त्यात तुमची स्वतःची आई जाऊन दीडच वर्ष झालेलं. अप्रियानीची आई २०१५ला गेली, तेव्हा ही ज्युनियर वर्ल्डसाठी पेरूत लीमाला होती. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. सतरा वर्षांची.

लाकडी रॅकेट आणि गाई सगळ्या बातम्यांत येतात, हे एका ओळीत येऊन जातं.

रानजाई

हे माहीत नव्हतं. आता ती फायनल मला बघायलाच हवी.

कोर्टाबाहेरचा

मी स्वतः जिल्हा पातळीवर दुहेरी खेळलोय, विद्यापीठापर्यंत. आर्याच्या आईंना थेट उत्तर देतो, बाकी लोक जकार्ता-दिल्ली फिरून येऊ देत.

दुहेरीच्या जोड्या मोडतात. सात्विक आणि आपला मुंबईचा चिराग, दोघांच्याही आधी वेगळ्या जोड्या होत्या. मलेशियाचे कोच तान किम हेर आले, त्यांनी दोन उंच स्मॅशवाले एकत्र केले. तेव्हा लोक म्हणाले दोघेही मागचे, पुढे कोण उभं राहणार? २०२२च्या थॉमस कपच्या (पुरुषांची सांघिक स्पर्धा) फायनलला याच दोघांनी इंडोनेशियाच्या अहसान-केविनला १८-२१, २३-२१, २१-१९ असं हरवलं. ज्यांच्या आधीच्या जोड्या मोडल्या त्या पार्टनर पोरांचं काय झालं हे मात्र कोणी विचारत नाही. मी तो पार्टनर होतो, वेगळ्या गावात, फार खालच्या पातळीवर. माझ्या जोडीदाराला वरच्या ग्रुपमध्ये घेतलं, मला कोणी सांगितलंसुद्धा नाही, कोर्टच्या बाहेर फळ्यावर नावांची नवी यादी लागली होती आणि त्यात माझ्या नावासमोर रेघ होती. कोच वाईट नव्हते. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

त्यामुळे जोडी मोडावी की नाही हे कोच ठरवतील, पण त्या दुसऱ्या मुलीला कोण सांगणार, कुठे सांगणार, आणि तिला कोणाबरोबर घालणार हे विचारा. आधी ते.

तिरकस

ही या धाग्यातली आत्तापर्यंतची सर्वांत कामाची पोस्ट.

आणि एक कबुली. मी काल रात्री कोपनहेगनची ती २०२३ ची फायनल बघितली. हरतायत, १६-२१, १२-२१, एकतर्फीच म्हणा. पण अप्रियानी दर पॉइंटनंतर फादियाकडे जाऊन काहीतरी बोलतेय. ग्रेसिया टोकियोत हेच करत होती. गाडी चालवायला शिकली बाई, एवढं मान्य करतो. ॲक्सिलरेटरवाली उपमा मागे घेतो.

बाळूकाका

तिरकसांनी काहीतरी मागे घेतलं! ॲडमिन, धागा संग्रहात टाका.

नेटपाशी

😀 स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गंभीरपणे, तिरकस म्हणतात तेच मला पहिल्या पोस्टपासून म्हणायचं होतं पण आकड्यांत अडकलो. ग्रेसियाने तिला नुसतं जिंकून दिलं नाही, तिला पुढची ग्रेसिया व्हायला शिकवलं. पॅरिसनंतर तिथेही जोड्या फिरल्याच, फादिया लॅनी त्रिया मायासारीबरोबर खेळायला लागली, अप्रियानी नव्या पोरींबरोबर. तिच्यासाठी आता प्रश्न उलटा आहे, शेजारी कोण धाकटी उभी करायची.

आणि एक राहिलंच. त्या सुवर्णाने इंडोनेशियाची पाचही प्रकारांतली ऑलिंपिक सुवर्णं पूर्ण झाली. १९९२ला सुसी सुसांती आणि ॲलन बुदिकुसुमापासून सुरू झालेली यादी, मिश्र दुहेरी २०१६ला तोन्तोवी-लिलियानाने आणलं, महिला दुहेरी तेवढी राहिली होती. चीननंतर हे जमलेला दुसराच देश.

पक्का_पुणेकर

आणि खेळ पुण्याचा.

आर्याची_आई

सगळ्यांचे आभार, आणि रिपोर्ट देते.

कोर्टाबाहेरचा, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी कोचना भेटलो. सरळ विचारलं, दुसऱ्या मुलीचं काय? त्यांनी खरंच विचार केलेला नव्हता, म्हणजे केला होता पण "बघू नंतर" असा. आता तिला मिश्र दुहेरीत एका मुलाबरोबर घालणार आहेत, तिचं नेटवरचं डोकं चांगलं आहे म्हणाले. आणि हे तिला आणि तिच्या आईला त्यांनी स्वतः बसून सांगितलं, फळ्यावर नाही.

तिची आई काल घरी आली होती. चहा घेतला. फार काही बोलली नाही, पण जाताना म्हणाली की रिक्षा तीच ठेवू या.

आर्याने नव्या पार्टनरबरोबर पहिली प्रॅक्टिस केली. घरी येऊन म्हणाली, आई, ती सतरा वर्षांची आहे आणि मला "अगं" म्हणते, मी तिला काय म्हणू? मी म्हटलं, ताई म्हण. तर म्हणते, नको, काक म्हणते. आता ती मुलगी विचारतेय की ही मला कावळा का म्हणते.

जकार्ताकर

😂😂😂

बाळूकाका

हसून हसून चष्मा पडला.

कोर्टाबाहेरचा

मस्त. एकच सांगा, नव्या पार्टनरच्या रॅकेटची तार किती पाउंडाच्या ताणाची आहे? सीनियर मुली २५-२६ ला ओढतात, आर्याने लगेच तिचं बघून वाढवू नये, कोपर जातं. आणि दोघींच्या बॅगेत एक एक जादा रॅकेट ठेवा. तार तुटली तर पळत जायला.